सभागृहाचा मान आणि न्यायासनाचे दार

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड मात्र आमच्यावरच सोपविली. अशा प्रसंगी शिक्षण, विवाहातील खर्च, विद्यार्थ्यांचे वसतिगृह असे घरगुती जिव्हाळ्याचे विषय घेण्याची आपली प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. तथापि आपल्या कुटुंबांतील कितीतरी मुले-मुली सांप्रत कायद्याचे शिक्षण घेत आहेत. काही मंडळी वकिली करतात. काहींना ग्रामपंचायतीपासून वरच्या सभागृहांपर्यंत निवडून जाण्याचा मान मिळाला आहे. एकाच पंगतीत एका पाटावर वकील आणि शेजारच्या पाटावर लोकप्रतिनिधी, असा योग आपल्याकडे विरळा राहिलेला नाही. म्हणून लोकांनी निवडून दिलेले पुढारी आणि स्वतंत्र न्यायसंस्था यांच्यात जो ताण उत्पन्न होतो, त्यासंबंधी चार शब्द बोलावेत असे आम्ही ठरविले.

न्यायाधीश हा शब्द उच्चारताच मराठी मनुष्याच्या डोळ्यांपुढे रामशास्त्री प्रभुणे उभे राहतात. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा वध झाला, तेव्हा शास्त्रीबोवांनी प्रत्यक्ष राघोबादादांवर दोष ठेवला आणि पुणे सोडले. ही कथा आपण मुलांना सांगतो, तिचा अभिमान बाळगतो आणि ते यथार्थच आहे. परंतु त्या कथेत एक उणीव आहे, ती मात्र क्वचितच कोणी बोलून दाखवितो. खरे बोलणाऱ्या न्यायाधीशाला गाव सोडावे लागले! यात शास्त्रीबोवांचे तेज दिसते, तसे त्या राज्यव्यवस्थेचे वैगुण्यही दिसते. धन्याची मर्जी आणि न्यायाधीशाचे आसन यांच्यामध्ये एखादी भिंत असावी, अशी तजवीज त्या काळी नव्हती.

आता राजा नाही, पेशवा नाही. मग न्यायाधीशाला भय कोणाचे? आमचे उत्तर असे की, लोकांच्या नावाने बोलणाऱ्यांचे. राघोबादादांच्या पाठीशी फार तर गारद्यांच्या तलवारी होत्या. आजच्या सभागृहाच्या पाठीशी लक्षावधी मतदारांचा कौल असतो. तलवारीपुढे मान ताठ ठेवणाऱ्याची लोक वाहवा करतात. कौलापुढे मान ताठ ठेवणाऱ्यास मात्र ‘तुम्हाला कोणी निवडून दिले?’ असा प्रश्न विचारला जातो, आणि तो प्रश्न अगदीच फोल आहे असे आम्ही म्हणणार नाही. म्हणूनच हे प्रकरण कठीण आहे. त्याचा विचार हवेत न करता एका घडलेल्या खटल्याच्या आधाराने करावा, हे बरे.

हा खटला १९६४ सालचा, उत्तर प्रदेशातला. गोरखपूर येथे केशवसिंग नावाचे एक कार्यकर्ते राहत असत. त्यांनी आणि त्यांच्या दोघा सोबत्यांनी एका आमदाराच्या काळ्या कारवायांचा भंडाफोड करणारे पत्रक आपल्या सह्यांनिशी छापून वाटले. आमदारांनी विधानसभेत हक्कभंगाची तक्रार केली. सभागृहाने तिघांनाही दोषी ठरविले आणि समज देण्यासाठी लखनौस बोलाविले. दोघे सोबती १९ फेब्रुवारी रोजी हजर झाले, समज घेऊन परत गेले. केशवसिंग आले नाहीत. गोरखपूरहून लखनौस येण्यास आगगाडीच्या भाड्याचे पैसे नाहीत, असे त्यांनी कळविले.

अखेर १४ मार्च १९६४ रोजी त्यांस धरून सभागृहापुढे उभे करण्यात आले. अध्यक्षांनी नाव विचारले. केशवसिंग बोलले नाहीत. इतकेच नव्हे तर ते अध्यक्षांकडे पाठ करून उभे राहिले. तीन दिवस आधी त्यांनी अध्यक्षांना एक पत्र धाडले होते, तेही त्या वेळी सभागृहापुढे आले. पत्रकातील मजकूर खरा आहे, भ्रष्टास भ्रष्ट म्हणण्यास आपणांस दिक्कत वाटत नाही, आणि आपल्यावर काढलेला हुकूम ही नादिरशाही आहे, असा त्या पत्राचा आशय होता. सभागृह खवळले आणि त्याच बैठकीत सात दिवसांची कैद ठोठावून त्यांची रवानगी लखनौच्या जिल्हा तुरुंगात करण्यात आली.

केशवसिंगांची वागणूक सभ्य होती असे आम्ही म्हणत नाही. सभेच्या अध्यक्षांकडे पाठ करून उभे राहणारा सभासद आपल्या या संमेलनातही कोणी खपवून घेणार नाही. परंतु न्यायाची कसोटी गोड स्वभावाच्या मनुष्यावर लागत नाही. ज्याचा सर्वांना राग आला आहे, ज्याच्या बाजूने बोलण्यास सभागृहात कोणास हुरूप नाही आणि ज्याच्या खिशात गाडीभाडेही नाही, अशा मनुष्यास कोठे दाद मागता येते की नाही, एवढाच प्रश्न असतो.

केशवसिंगांसाठी दाद मागितली ती बी. सॉलोमन या वकिलांनी. १९ मार्च रोजी त्यांनी उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठापुढे बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. बंदीप्रत्यक्षीकरण म्हणजे ‘या मनुष्यास का कोंडले आहे, ते न्यायालयास सांगा’ असे सरकारला विचारण्याचा अधिकार. घटनेच्या २२६ व्या कलमाने तो उच्च न्यायालयांस दिला आहे. न्यायमूर्ती बेग आणि न्यायमूर्ती सहगल दुपारी दोन वाजता बसले होते. सरकारी वकिलांच्या म्हणण्यावरून सुनावणी तीन वाजता ठेवण्यात आली. तीन वाजता ते वकील आलेच नाहीत. न्यायमूर्तींनी केशवसिंगांस प्रत्येकी एक हजार रुपयांच्या दोन जामिनांवर आणि तितक्याच रकमेच्या जातमुचलक्यावर तात्पुरते सोडण्याचा हुकूम दिला. शिक्षा बेकायदा आहे असे ते म्हणाले नाहीत. निर्णय पुढे व्हायचा होता. रोज कोर्टांत होणारे हे साधे काम. आपल्यापैकी वकील मंडळींस त्यात नवल वाटण्याजोगे काही दिसणार नाही.

विधानसभेस मात्र तो आपला भर चौकातील अपमान वाटला. २१ मार्च रोजी सभागृहाने ठराव केला : केशवसिंगांनी, सॉलोमन वकिलांनी आणि त्या दोन्ही न्यायमूर्तींनी सभागृहाचा अवमान केला आहे, केशवसिंगांस पुन्हा तुरुंगात टाकावे, आणि वकील व न्यायमूर्ती यांना अटकेत घेऊन सभागृहापुढे हजर करावे. उच्च न्यायालयाच्या विद्यमान न्यायाधीशांना, त्यांनी न्यायासनावरून दिलेल्या हुकुमाबद्दल, पहारेकऱ्यांकरवी धरून आणावयाचे! ही बातमी त्या न्यायमूर्तींना संध्याकाळी रेडिओवरून समजली.

२३ मार्च रोजी न्यायमूर्ती बेग आणि न्यायमूर्ती सहगल हे स्वतःच अर्जदार होऊन अलाहाबादेस आपल्या न्यायालयापुढे गेले. उरलेले अठ्ठावीस न्यायाधीश एकत्र बसले आणि त्यांनी विधानसभेच्या हुकुमाची अंमलबजावणी थांबविली. येथे आम्हांस क्षणभर थबकावेसे वाटते. अठ्ठावीस न्यायाधीशांनी आपल्या दोन सहकाऱ्यांचे रक्षण केले, हे आवश्यक होते. दुसरा मार्ग त्या दिवशी कोणासच दिसत नव्हता. तरीही त्या प्रांतातील सर्व न्यायाधीश एका बाजूस आणि सर्व सभागृह दुसऱ्या बाजूस, अशी ती रचना फार वेळ टिकणारी नव्हती. मध्यस्थ म्हणून त्या प्रांतात कोणी उरलाच नव्हता. विधानसभेनेही दोन पावले मागे घेतली. २५ मार्चला खुलाशाचा ठराव झाला, अटकेऐवजी विशेषाधिकार समितीपुढे म्हणणे मांडण्याची सूचना निघाली. आणि २६ मार्च रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी घटनेच्या १४३ व्या कलमान्वये हा सारा वाद सर्वोच्च न्यायालयाकडे मतासाठी पाठविला. पंडित नेहरू त्या वेळी पंतप्रधान होते. उत्तर प्रदेशात सरकार त्यांच्याच पक्षाचे होते. तथापि बहुमताच्या बळावर प्रकरण रेटून न नेता ते न्यायालयाकडे सोपविण्यात आले, ही गोष्ट त्या पिढीच्या पुढाऱ्यांच्या खाती जमा धरली पाहिजे.

यापुढील प्रसंग महाराष्ट्रास परका नाही. सर न्यायाधीशपदी त्या वेळी न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर होते. त्यांचा जन्म साताऱ्याचा, आणि रामशास्त्र्यांची माहुली साताऱ्याच्या वेशीवरच म्हणावी इतकी जवळ. सर न्यायाधीशपदाची शपथ घेऊन त्यांस दोन महिनेही झाले नव्हते. न्यायमूर्तींची बाजू मांडण्यास मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. विधानसभेची बाजू मांडली होरमसजी सिरवई यांनी, जे त्या काळी महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. दोघेही मुंबईच्या न्यायालयात वाढलेले. सिरवईंनी आरंभीच सांगून टाकले की, आपण येथे उभे आहोत म्हणून सभागृहाने आपल्या अधिकारांचा निवाडा न्यायालयाच्या हाती दिला असे समजू नये.

सिरवईंची बाजू टाकाऊ नव्हती. घटनेचे १९४ वे कलम त्या वेळी असे होते की, विधिमंडळाचे विशेषाधिकार कायद्याने ठरेपर्यंत ते इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्सचे असतील तेच राहतील. आणि कॉमन्सचा इतिहास पाहावा तर तो मोठा करारी. १६८९ साली त्या सभागृहाने पेंबर्टन आणि जोन्स या दोन न्यायाधीशांना, पूर्वी दिलेल्या एका निकालाबद्दल, खरोखरच कैदेत टाकले. १८४० ची गोष्ट तर नाट्यमय आहे. स्टॉकडेल नावाच्या पुस्तकविक्रेत्याने कॉमन्सच्या हुकुमाने छापलेल्या अहवालाबद्दल बेअब्रूची फिर्याद केली. मुख्य न्यायाधीश लॉर्ड डेनमन यांनी सभागृहाचा हुकूम हा बचाव होऊ शकत नाही असा निकाल दिला. मिडलसेक्सचे शेरीफ त्या निकालाची अंमलबजावणी करू लागताच कॉमन्सने त्यांनाच अटकेत टाकले! शेरीफ डेनमनसाहेबांकडे दाद मागण्यास गेले, तेव्हा साहेबांना हात टेकावे लागले. कारण सभागृहाच्या हुकुमात ‘अवमानाबद्दल’ एवढेच लिहिलेले होते, आणि त्यापलीकडे चौकशी करण्याचा अधिकार तेथील न्यायालये आपणांकडे घेत नसत. कारण न सांगता कैद करण्याचा हाच अधिकार उत्तर प्रदेशची विधानसभा मागत होती.

राजाशी झगडून कॉमन्सने ही शस्त्रे मिळविली हे खरे. परंतु राजाविरुद्ध घडविलेले शस्त्र रयतेविरुद्ध उगारता येते काय?

३० सप्टेंबर १९६४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने आपले मत दिले. सहा जण एका बाजूस होते. न्यायमूर्ती सरकार यांचे मत निराळे पडले; सभागृहाचा तो अधिकार त्यांनी मान्य केला. बहुमताचे विवेचन विस्तृत आहे. त्याचा गाभा तेवढा सांगतो. कॉमन्सला तो अधिकार मिळाला, कारण पूर्वी एके काळी पार्लमेंट हे स्वतःच एक श्रेष्ठ न्यायालय होते, आणि एका न्यायालयाचा हुकूम दुसरे न्यायालय उकरून पाहत नाही. आपली विधिमंडळे कधीच न्यायालये नव्हती. ती घटनेच्या पोटी जन्मली आहेत, आणि त्याच घटनेने नागरिकास मूलभूत हक्क आणि उच्च न्यायालयास २२६ वे कलम दिले आहे. इंग्लंडात पार्लमेंट श्रेष्ठ असेल. येथे घटना श्रेष्ठ आहे, सभागृह आणि न्यायालय दोन्ही तिच्या खाली आहेत. शिवाय २११ व्या कलमाने न्यायाधीशाच्या कामाविषयी विधिमंडळात चर्चासुद्धा करण्यास मनाई आहे; मग ज्याची चर्चा करता येत नाही, त्याबद्दल न्यायाधीशास धरून कसे आणता येईल? सबब केशवसिंगांचा अर्ज ऐकण्याचा न्यायमूर्तींना अधिकार होता आणि तो ऐकल्याने सभागृहाचा अवमान झाला नाही.

या मतपत्रात दोन गोष्टी आम्हांस विशेष आदरणीय वाटतात. एक अशी की, न्यायालयाने आपल्या हातात आले तेवढे सारे ओढून घेतले नाही. सभासद नसलेल्या नागरिकाने सभागृहाच्या चार भिंतींबाहेर केलेला कथित अवमान, एवढ्यापुरतेच हे मत आहे, असे स्पष्ट सांगितले. दुसरी अशी की, अखेरीस न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी न्यायाधीशांनाही चार गोष्टी सुनावल्या. अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार न्यायालयांनाही आहे. तो रागाच्या भरात वारंवार वापरल्याने न्यायासनाची प्रतिष्ठा वाढत नाही. ती निकालांच्या गुणवत्तेने, निर्भयपणाने आणि संयमानेच टिकते, असा त्यांचा आशय होता. हे बोल विधिमंडळांना सुनावण्याच्या दिवशीच त्यांनी आपल्या बंधूंनाही सुनावले, यात त्यांची योग्यता दिसते. सिरवईंचे मात्र समाधान झाले नाही. आपल्या घटनाविषयक ग्रंथात त्यांनी या मतावर पुढे कडक टीका केली. विद्यार्थ्यांनी तीही वाचावी.

यावर कोणी म्हणेल, हा वाद मोठ्यांचा, आपणांस त्याचे काय? बंधूंनो, फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच असला म्हणजे काय होते, हे ज्ञातिसंस्थांना कोणी बाहेरून येऊन शिकविण्याची गरज नाही. जुन्या जातपंचायतीत ज्याने तक्रार करावयाची तोच निवाडा करी, आणि वाळीत टाकलेल्या कुटुंबास दुसरे दार नसे. त्यांच्या घरी अग्नी न्यावयाचा नाही, पाणी द्यावयाचे नाही, मुलीचे लग्न जुळू द्यावयाचे नाही! पंचांत सज्जन मंडळी नव्हती असे नाही. सज्जनांच्या हातूनही हे होत असे. कारण रागावलेला समुदाय स्वतःच्या रागाचा न्यायाधीश होऊ शकत नाही. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो याच अनुभवातून. विधानसभेत शेकडो सुशिक्षित सभासद असतात, म्हणून मनुष्यस्वभाव पालटतो असे समजण्याचे कारण नाही.

केशवसिंगांनी ठोठावलेले हे २२६ व्या कलमाचे दार पुढे एकदा बंद झाले. त्याची सुरुवात एप्रिल १९७३ मध्ये झाली. तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्तींना सर न्यायाधीश करण्यात आले आणि त्या तिघांनी राजीनामे दिले. कोणास धरून आणण्याची आवश्यकताच राहिली नव्हती. बढतीची नाडी हाती असली म्हणजे पुरे. नंतर आणीबाणी आली. स्थानबद्ध मनुष्यास त्या काळात बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज करता येतो, असे अनेक उच्च न्यायालयांनी म्हटले होते. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चारास एक अशा बहुमताने ते दार लावून घेतले. त्या चौघांत पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरुद्ध राहिले, आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून सर न्यायाधीशपद दुसऱ्यास देण्यात आले. त्यांनी राजीनामा दिला. १९७६ चा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली रद्दबातल ठरविला; तसे लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. पितृऋण फेडण्याचे अनेक प्रकार शास्त्रात सांगितले आहेत. हा प्रकार त्यांत नसावा, पण आम्हांस तो कमी प्रतीचा वाटत नाही.

विशेषाधिकारांचा कायदा मात्र अद्यापि झालेला नाही. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलमातून हाउस ऑफ कॉमन्सचे नाव तेवढे गेले. अधिकार होते तसेच मोघम राहिले. अधिकार लिहून काढले की त्यांना सीमा पडते, आणि सीमा कोणास आवडते? आपल्या महाराष्ट्रातही जुलै २०२१ मध्ये विधानसभेने बारा आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केले, आणि जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिवेशनापलीकडील ते निलंबन घटनाबाह्य ठरविले. पक्ष कोणता, सरकार कोणाचे, याचा ऊहापोह या व्यासपीठावर करावयाचा नाही. आज जो बाकाच्या या बाजूस बसतो तो उद्या त्या बाजूस असतो, आणि मग त्यालाच न्यायालयाचे दार आठवते, एवढे नमूद करतो.

केशवसिंगांचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. त्यांचा मूळ अर्ज अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे पुन्हा ऐकला गेला. ज्या न्यायालयाचे दोन न्यायमूर्ती त्यांच्यापायी अटकेच्या उंबरठ्यापर्यंत गेले, ज्याचे अठ्ठावीस न्यायाधीश एकत्र बसले, त्याच न्यायालयाने १० मार्च १९६५ रोजी निकाल दिला की, अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा विधानसभेस अधिकार आहे, केशवसिंगांना दिलेली शिक्षा कायदेशीर आहे, आणि अर्ज फेटाळण्यात येत आहे. उरलेली शिक्षा भोगण्यासाठी केशवसिंगांनी तुरुंगात परत जावे, असा हुकूम झाला.